ऊन पडू दे, मग जा

जून लागला की नीलाच्या फोनची सुरुवात ठरलेली असते. "आई, इट्स सो ग्रे हिअर. आज नववा दिवस. मला वेड लागेल." ती तिकडे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मी इकडे न्यू जर्सीत, पार्सिपनीला. माझ्या खिडकीबाहेर ऊन इतकं माजलेलं असतं की दुपारी पडदे ओढावे लागतात. मी म्हणते, दुपारपर्यंत उडून जाईल गं. ती म्हणते, "दॅट्स व्हॉट दे ऑल से." मग ती ऑफिसचं, कुत्र्याचं, कुत्र्याच्या पोटाचं सांगत राहते आणि मी नुसती हूं हूं करते. तिला वाटतं आईला ऐकू कमी येऊ लागलं. ऐकू चांगलं येतं. पण फोनच्या त्या टोकाला धुकं आहे म्हटलं की माझं लक्ष तिच्या बोलण्यावर राहत नाही. मला दिसते ती माझी आई. दीड महिन्याच्या नीलाला मांडीवर घेऊन, खिडकीकडे तोंड करून बसलेली, उन्हाची वाट बघत.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावाजवळ नोकरी लागली होती. गाव सुट्टीला येणाऱ्यांचं. पांढऱ्या भिंती, लाल कौलं, कुंपणावर बोगनवेल, आणि दर चार घरांमागे एक मोटेल. मोटेलांची नावं इटलीतली नाहीतर स्पेनमधली. गावाच्या माहितीपत्रकावर निळा समुद्र, निळं आकाश आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की भूमध्य समुद्राचा किनारा बघायला युरोपात कशाला जाता, तो इथंच आहे. ते पत्रक मी वर्ध्याला बाबांना पाठवलं. तिथपासून सगळं सुरू झालं असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

बाबा भूगोलाचे मास्तर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शिकवायची खोड गेली नव्हती. घरी आलेल्या दूधवाल्यालाही ते वारे कुठून वाहतात ते सांगत. पत्रक मिळाल्यावर त्यांचं चार पानी पत्र आलं. भूमध्य सागरी हवामान, जगात पाच ठिकाणी, त्यातलं एक तुमचं. उन्हाळे कोरडे, हिवाळे पावसाळी. उन्हाळ्यात आकाश निरभ्र. फळं: द्राक्षं, ऑलिव्ह, संत्री. संत्र्यांपुढे कंसात लिहिलेलं, 'आपल्या नागपुरी संत्र्याची सर नसणार.' मला दिवस गेलेले होते, मे महिन्यातली तारीख होती. बाळंतपणाला आई येणार हे ठरलेलंच होतं. किती दिवसांसाठी, ते बाबांनी ठरवलं. मे ते ऑगस्ट. इकडे पाऊस, चिखल, ओल. तिकडे कोरडा उन्हाळा. 'तुझ्या आईचे गुडघे सुटतील, आणि बाळाला रोज सकाळचं कोवळं ऊन मिळेल. यापरतं काय हवं?'

हे सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. त्याच पुस्तकात किनाऱ्याजवळच्या थंड प्रवाहाबद्दलही एक ओळ होती म्हणे. पण ती परीक्षेला येत नसे.

आई आली तेव्हा मे सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि ऊन होतं. तिनं ते अगदी नीट बघितलं नाही, कारण ती चोवीस तासांचा प्रवास करून आली होती आणि तिच्या बॅगेतले डिंकाचे लाडू विमानतळावर कोणीतरी उघडून हुंगले होते, त्याचाच तिला राग होता. मग नीला झाली. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी समुद्र नव्हता. म्हणजे आमच्या खिडकीतून रस्त्यापलीकडे जो समुद्र दिसायचा तो पुसून टाकलेला होता. ताडांचे बुंधे होते, शेंडे नव्हते. पुळण होती, ती पन्नास पावलांवर संपत होती. पुढे सगळं करडं, आणि त्या करड्यातून दर थोड्या वेळानं भोंगा वाजायचा, होड्यांसाठी. आईनं खिडकीशी येऊन बघितलं आणि म्हणाली, "हे काय गं? पाऊस येणार वाटतं."

पाऊस येणार नव्हता. तिथे उन्हाळ्यात पाऊस येत नाही, बाबा खोटं सांगत नव्हते. आकाश फक्त खाली उतरून आलं होतं आणि जायचं नाव काढत नव्हतं.

खालच्या मजल्यावर आमची घरमालकीण राहायची, डॉरथी. सत्तरीची, एकटी, ओठ कायम रंगवलेले. तिनं आईला पहिल्याच दिवशी गावाचं हवामान समजावलं. "इट्स जस्ट द जून ग्लूम, हनी. इट विल बर्न ऑफ बाय नून." म्हणजे जूनचं हे मळभ, दुपारपर्यंत उन्हानं उडून जाईल. आई इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली. त्यातला 'बर्न ऑफ' एवढाच शब्द तिनं उचलला. रोज सकाळी चहा घेताना ती मला विचारायची, "विभा, आज बर्नऑफ आहे का गं?" रेडिओवर रोज तेच वाक्य असायचं, सकाळी सखल ढग, दुपारी ऊन. वर्तमानपत्रातही तेच. दुपार यायची. कधी तास-दीड तास करड्याचं पांढरं व्हायचं, सूर्याच्या जागी एक चकती दिसायची, जिच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायचं. मग चार वाजता पुन्हा समुद्राकडून भिंत सरकत यायची.

त्या गावाची मला आज दया येते. सगळं उन्हासाठी मांडून ठेवलेलं. छत्र्या मिटलेल्या, खुर्च्या एकीवर एक रचलेल्या, आइस्क्रीमवाला काउंटरवर हनुवटी टेकून बसलेला. आतल्या तापलेल्या गावांतून लोक आंघोळीचे कपडे घालून, पोरंबाळं घेऊन यायचे, गाडीतून उतरायचे आणि तिथंच थबकायचे. पंधरा मिनिटांनी सगळं कुटुंब दुकानातून गावाचं नाव छापलेले जाड सदरे विकत घेऊन, ते घालून, वाळूत कुडकुडत बसलेलं दिसायचं. त्या दुकानांचा खरा धंदा जूनमध्येच व्हायचा. आईनं माझ्या कानांना रुमाल बांधला होता, बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ नये म्हणून. मला लाज वाटायची. पण त्या गर्दीत मी मुळीच वेगळी दिसत नव्हते.

एकच गोष्ट तिथं आईच्या ओळखीची निघाली. मागच्या रस्त्याला दोन्हीकडून झाडं होती आणि जूनमध्ये ती जांभळ्या फुलांनी भरली. आई झाडाखाली उभी राहून म्हणाली, "अगं बाई, हा तर नीलमोहर. आपल्या शाळेच्या फाटकाशी आहे." तिकडे तो उन्हात फुलतो, इथं बिचारा धुक्यात फुलत होता. बाळाचं नाव त्या संध्याकाळी ठरलं.

आईचं बाळंतपण म्हणजे शिस्तीचं काम. पहाटे उठून अळिवाची खीर, मग माझं अंग चोळणं, मग बाळाचं तेल, न्हाण, आणि शेवटी धुरी. धुरीला निखारे हवेत. सुहासनं बार्बेक्यूचे कोळसे आणले, बाल्कनीत फुलवले, आईनं ते लोखंडी तव्यात घालून आत आणले आणि वर ओवा टाकला. पुढच्या मिनिटाला छतावरची धुराची घंटा जी कोकलायला लागली ती थांबेना. डॉरथी गाउनवर धावत वर आली. दारात उभी राहून तिनं तवा, धूर, धुरात बसलेली मी आणि हात जोडून हसणारी आई असं सगळं एकदा बघितलं. मग खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, "वेल, समथिंग शुअर बर्न्ड ऑफ." आम्ही तिघी इतक्या हसलो की माझे टाके दुखले. धुक्यातल्या त्या दिवसांत मी हसल्याची मला आठवते ती बहुधा एकच वेळ.

कारण मी रडत असे. आज त्याला नाव आहे, डॉक्टर आधीच कागद देतात, प्रश्न विचारतात. तेव्हा आम्हाला काही ठाऊक नव्हतं. सकाळी जाग आली की खिडकीत ते करडं दिसायचं आणि छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. बाळ रडलं की मीही रडायची. बाळ झोपलं की ते श्वास घेतंय का बघत बसायची. सुहास सकाळी आठला जायचा तो सहाला यायचा. त्या गावात दुसरं मराठी माणूस नव्हतं. आई परत गेली की मी आणि हे बाळ आणि हे धुकं असे तिघंच उरणार, हा विचार दिवसभर पाठ सोडत नसे. आई नुसती जवळ असायची, मेथी निवडायची, दुपटी घड्या करायची, गुणगुणायची. तिच्या असण्याला मी धरून होते.

नीलाला जन्मल्यावर थोडी कावीळ होती. उतरत होती, डॉक्टर निर्धास्त होते. पण आईनं एकच घेतलं होतं मनावर, पोरीला सकाळचं ऊन हवं. रोज न्हाण झालं की ती नीलाला उघडी करून, नुसती लंगोटी बांधून खिडकीत घेऊन बसायची, न जाणो, दहा मिनिटं तरी मिळालं तर. ढगाकडे बघून तिचं बोलणं चालायचं. "ये रे बाबा. लेकराला तोंड दाखव." एखाद्या रुसलेल्या पाहुण्याची समजूत काढावी तसं.

आणि मग जूनच्या मध्यावर, मी महिन्याची बाळंतीण असताना, एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "विभा, मी थोडी लवकर गेले तर चालेल का गं तुला?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "लवकर म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या आठवड्यात. सुहासराव म्हणतात तिकीट बदलून मिळतं."

"का? काय झालं?"

"काही नाही गं. तिकडे ह्यांचं जेवणाखाण्याचं कसं चाललंय कोण जाणे. तुझी वहिनी करते, पण ह्यांचं पथ्य असतं."

मी रडायला लागले. रडता रडता बोलत गेले, आणि जे बोलले ते आज चाळीस वर्षांनीही मला शब्द न शब्द आठवतं. "तुला इथं आवडलं नाही, सरळ सांग ना. माझं बाळंतपण चार दिवसांत उरकायचं होतं तर आलीस कशाला? बाबांची काय काळजी, दादा आहे, वहिनी आहे. माझं कोण आहे इथं?" आई लाटणं हातात धरून उभी. मग माझाच आवाज उतरला. मी तिचा पदर धरला आणि लहानपणी धरायचे तसा हट्ट धरला. "एवढं ऊन पडू दे, आई. ऊन पडलं की मला बरं वाटेल. ऊन पडू दे, मग जा."

तिनं माझ्या हातातून पदर हळूच सोडवला. मग म्हणाली, "बरं. ऊन पडू दे." आणि राहिलेली पोळी लाटली.

त्यानंतर आठवड्यानं बाबांचं पत्र आलं. मी त्यांना तक्रार केली होती, की तुमचं पुस्तक चुकलं, इथं ऊन औषधाला नाही. बाबांना तर पर्वणीच. उत्तरादाखल त्यांनी आकृती काढून पाठवली होती. खाली थंड पाण्याचा प्रवाह, बाण दाखवून. त्यावर गार हवेचा पातळ थर. त्यावर झाकण घातल्यासारखी गरम हवा. 'म्हणून धुकं वर जाऊ शकत नाही. ते किनाऱ्यालाच असतं, डोंगर ओलांडला की लख्ख ऊन असणार. करून बघा. माझंच शिकवायचं राहिलं.' अक्षर जरा वाकडंतिकडं होतं. मला वाटलं चष्मा बदलायला झाला. आणि खाली एक ओळ, 'तुझ्या आईला पाठवायची घाई करू नकोस. एवढी सातासमुद्रापार गेली आहे तर ऊन बघून येऊ दे.' मी ते पत्र आईपुढे नाचवलं. "बघ! बाबाच म्हणतात." आईनं पत्र हातात घेतलं, आकृतीवरून बोट फिरवलं, पुन्हा एकदा वाचलं आणि घडी करून तिच्या पाकिटात ठेवलं.

रविवारी सुहासनं आम्हाला डोंगरापलीकडे ड्राइव्ह करून नेलं. बाबा बरोबर होते. घाट चढताना गाडीच्या काचेवर थेंब होते, वायपर चालू होते, आणि एका वळणाला कोणी चादर ओढून काढावी तसं सगळं उघडं झालं. निळं आकाश, वाळलेलं सोनेरी गवत, डोळे दिपवणारं ऊन. मागे वळून पाहिलं तर आपलं धुकं खाली कापसाच्या गादीसारखं पसरलेलं. आई लहान मुलीसारखी म्हणाली, "थांबवा, थांबवा, सुहासराव." घाटात थांबता येईना. पुढे एका मोठ्या दुकानाचं पार्किंग लागलं, तिथं थांबलो. आईनं एक क्षण दवडला नाही. गाडीच्या बॉनेटवर गोधडी अंथरली, नीलाला तिच्यावर निजवलं, पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि भर पार्किंगमध्ये पोरीचं अंग चोळायला सुरुवात केली. लोक सामानाच्या ढकलगाड्या नेता नेता बघत होते. एक पोलीस आला, गॉगल काढून म्हणाला, "एव्हरीथिंग ओके हिअर?" सुहास काहीतरी पुटपुटत होता, तेवढ्यात आईनं मान वर केली आणि आपल्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "सन. गुड फॉर बेबी." पोलीस हसला, नीलाच्या चकचकीत पोटाकडे बघून म्हणाला, "यस, मॅम," आणि गेला.

नीला उन्हात डोळे मिचकावत पाय झाडत होती. तिची ती तांबूस, तेलकट मांडी मला आजही दिसते. आईनं हात पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पडलं नं आता ऊन? आता जाऊ मी?"

मला वाटलं ती गंमत करते आहे. मी हसले. माझं मन त्या उन्हात किती दिवसांनी हलकं झालं होतं. मी म्हटलं, "हे धरायचं नाही. आपल्या घरी पडायला हवं."

आई हसली नाही. सुहास दुसरीकडे बघायला लागला. तो का बघायला लागला, हे मी तेव्हा बघितलं नाही.

चार जुलैची आतषबाजी धुक्याच्या आतच झाली. आवाज तेवढे आले, आणि ढग आतून कधी लाल, कधी हिरवा होत होता. आई म्हणाली, "ह्यांनी हे बघायला हवं होतं." मग जुलैचा दुसरा आठवडा संपता संपता, एका सकाळी मला भिंतीवर खिडकीच्या चौकटीची सावली दिसली. मी ओरडलेच. समुद्र होता. पार क्षितिजापर्यंत होता, आणि पत्रकात होता तितकाच निळा होता. आई नीलाला घेऊन खिडकीत बसली ती तासभर. संध्याकाळी आम्ही तिला पाण्यावर नेलं. तिनं लुगडं घोट्यापर्यंत उचललं, पाण्यात पाय घातले आणि "किती गार गं!" म्हणून मागे पळाली. त्याच रात्री जेवताना ती सुहासला म्हणाली, "आता तिकीट बघा." मीही म्हटलं, "हो, आता बघ." मला खरंच बरं वाटत होतं. सुहासनं दुसऱ्या दिवशी शनिवारचं तिकीट आणलं.

गुरुवारी सकाळी दादाचा ट्रंक कॉल आला. बाबा आदल्या पहाटे गेले. सगळं उरकलं होतं. आई दोन दिवसांच्या वाटेवर, थांबून काय करणार होते?

फोनवर सुहास बोलला. मी नीलाला पाजत होते. बाहेर हंगाम सुरू झाला होता. एका दिवसात गाव माणसांनी भरलं होतं, रस्त्यापलीकडे रेडिओ लावलेले, पोरं किंचाळत लाटांत पळत होती, आणि लोक अंगाला जे मलम फासतात त्याचा खोबरेल वास वाऱ्यावर घरात येत होता. आई खुर्चीत बसली होती. तिच्या मांडीवर, हातांवर, पायांवर सगळीकडे ऊन होतं. सुहासनं फोन ठेवला आणि तिच्यासमोर खाली बसला. त्याला बोलावं लागलं नाही. ती म्हणाली, "पडदा लाव, विभा."

मी पडदा लावला.

मग सुहासनं मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. जूनच्या सुरुवातीलाच बाबांच्या छातीत दुखलं होतं. आठ दिवस दवाखान्यात होते. दादानं पत्र घरी न पाठवता सुहासच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं. आईला पाठवता आलं तर बरं, पण विभाला कळू देऊ नका, ओली बाळंतीण आहे. सुहासनं आईला सांगितलं. आईला सगळं ठाऊक होतं. पोळ्या लाटताना ठाऊक होतं, पार्किंगमध्ये ठाऊक होतं. सुहास म्हणाला, "मी आईंना म्हटलं, सव्वा महिना झालाय, आता सांगूया. त्या म्हणाल्या, अंगावर पितंय लेकरू. धक्क्यानं दूध आटतं. ती आपणहून हो म्हणू दे."

मी सुहासवर किंचाळले, हाताला लागला तो पेला फेकला. त्याला मी फार वर्षं बोल लावला. पण खरं सांगायचं तर बाबा असे जातील हे त्याला तरी कुठं माहीत होतं? बाबा घरी आले होते, पत्रं लिहीत होते, आकृत्या काढत होते. सगळ्यांनी सगळ्यांपासून काही ना काही लपवलं होतं, आणि प्रत्येकानं ते मायेपोटीच लपवलं होतं.

माझं दूध काही आटलं नाही. तासाभरानं नीला रडली, मी तिला घेतलं आणि ती नेहमीसारखी पोटभर प्याली. पदर भिजला. मी शरमेनं मेल्यासारखी झाले.

आईनं दुसऱ्या दिवशी आंघोळ केली आणि कुंकू लावलं नाही. शनिवारी ती गेली. विमानतळावर मी तिच्या गळ्यात पडले तेव्हा तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकराला ऊन दाखवत जा." एवढंच.

त्यानंतरच्या चार वर्षांत तिनं मला जी पत्रं लिहिली त्यांत या गोष्टीचा एका शब्दानं उल्लेख नाही. सगळे मला सांगत, आईचं मन मोठं. दादा सांगे, वहिनी सांगे. डॉरथीनंसुद्धा सांगितलं, की तुझ्या आईनं तुला केव्हाच माफ केलं असेल, हनी. मी मान डोलवायची. आमची बदली न्यू जर्सीला झाली, धुकं सुटलं, नीला बोलायला लागली, इंग्रजीच जास्त. आणि मी सबंध चार वर्षं आईच्या पत्रांतली अक्षरं उजेडाला धरून बघितल्यासारखी वाचत होते, कुठं काही दिसतं का म्हणून.

ऐंशीचं दशक सरता सरता एका डिसेंबरात मी नीलाला घेऊन वर्ध्याला गेले. थंडीचं छान ऊन होतं. अंगणात आई मटार सोलत बसली होती, नीला पलीकडे कोंबडीच्या मागे धावत होती. मी आईसमोर बसले आणि मटार हातात घेतले. सोलता सोलता विचारून टाकलं. विचारलं नसतं तर त्या खेपेलाही तशीच परत आले असते.

"आई, तुला माझा राग आला होता का गं?"

कशाबद्दल, ते तिनं विचारलं नाही. तिच्या बोटांनी शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

"हो," ती म्हणाली. "आला होता."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"पार्किंगमध्ये म्हणालीस नं, हे धरायचं नाही. तेव्हा फार आला होता." दुसरी शेंग. "मला त्यांना बघायचं होतं, विभा. करायचं काय होतं तिथं, डॉक्टर होते, सून होती. नुसतं बघायचं होतं."

"मग मला बोलली का नाहीस? एवढी वर्षं?"

"बोलून काय करायचं? तुला तरी कुठं ठाऊक होतं? हे कळतं गं मला. पण राग काय ते विचारून येतो? अजूनही येतो. मृग लागला की येतो. दोन-चार दिवस तुझं पत्र आलं तरी फोडत नाही. मग फोडते."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं मटाराचे हिरवे झालेले हात बाजूला धरले होते, माझे केस खराब होऊ नयेत म्हणून. किती विचित्र वाटेल सांगताना, पण मला त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. मोठ्या मनाच्या आईपुढे मला बसवत नव्हतं. रागावलेल्या आईच्या मांडीवर डोकं ठेवता आलं. त्यानंतर ती पंधरा वर्षं होती. दर जूनमध्ये मी तिला पत्र टाकायची आणि मनातल्या मनात दिवस धरायची, की आज पोचलं असेल, आज पडून असेल, आज फोडलं असेल. कधी तिचं उत्तर उशिरा आलं की मला कळायचं, आणि मी ते मुकाट्यानं सोसायची.

आता नीलाचा फोन येतो, आई, इट्स सो ग्रे. मी म्हणते, उडून जाईल गं. फोन ठेवते आणि उगाच टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन येते. बाहेर लख्ख ऊन असतं. आईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. जून येतो, आणि माझ्यावर रागावणारं कोणी उरलेलं नाही.